जेसीबी, केबल आणि गावचं इंटरनेट

ग्रामपंचायतीतलं इंटरनेट बंद पडलं, की दोष तिथल्या यंत्राचाच असतो असं नाही; अनेकदा रस्त्याच्या कामात जेसीबीनं जमिनीखालची केबल तोडलेली असते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच आजची ‘भारतनेट’.

केबलमधला काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा. प्रकाश धावतो तो त्याच्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. केबल तुटली, की तंत्रज्ञ तिच्या चालू टोकाला ‘ओटीडीआर’ हे यंत्र जोडतो. ते लेझरचा क्षणिक झोत सोडतं आणि प्रकाश तुटलेल्या जागेवरून परतायला किती वेळ लागला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तो १०० मायक्रोसेकंदांनी परतला, तर जाऊन-येऊन अंतर झालं २० किलोमीटर. म्हणजे केबल १० किलोमीटरवर तुटली आहे. मग तिथे खणायचं, तंतूंची टोकं साफ कापून समोरासमोर आणायची आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून सांधायची.

तोवर पुढची गावं का ताटकळावीत? आधीच्या जोडणीत तालुक्याकडून गावाकडे बहुतेक ठिकाणी एकच वाट होती. ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडायच्या आहेत. एका बाजूला केबल तुटली, तरी माहिती उलट दिशेनं पोहोचते. मात्र दोन्ही वाटा एकाच चरातून नेल्या, तर एकच जेसीबी दोन्ही तोडणार!