डिझेल मोटारींतील उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेचे दोष व वॉरंटी : ग्राहकाच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

प्रस्तावना :

वसई-विरार परिसरातील नोकरदाराचा दिनक्रम उपनगरी रेल्वेशी बांधलेला आहे. घरापासून वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्थानकापर्यंतचे दोन-चार किलोमीटरचे अंतर मोटारीने कापावयाचे, मोटार वाहनतळावर उभी करावयाची आणि पुढील प्रवास लोकलने करावयाचा, ही रीत येथील अनेक कुटुंबांत रूढ झाली आहे. ज्यांना मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जावे लागते त्यांचा बराचसा वेळ वाहतुकीच्या कोंडीत जातो. अशा वापरात डिझेल मोटारीच्या धूर-नियंत्रण यंत्रणेत बिघाड उद्भवण्याची शक्यता अधिक असते.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आला. घरच्या बीएस-६ डिझेल मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनदोष दर्शविणारा पिवळा दिवा लागला. मोटार वॉरंटीच्या मुदतीत होती. तरीही "आपण कमी अंतर चालवता, म्हणून फिल्टर तुंबला, हा वॉरंटीचा विषय नाही", असे सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगण्यात आले. त्याच आठवड्यात केलेल्या पीयूसी तपासणीत मात्र मोटार उत्तीर्ण झाली. मोटारीचा संगणक दोष आहे असे सांगतो, शासनमान्य प्रमाणपत्र दोष नाही असे सांगते आणि दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर येतो. ही विसंगती का निर्माण होते आणि तिच्यातून मार्ग कसा काढावा, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्रणेचे स्वरूप :

डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात दोन घटक विशेष घातक मानले जातात. पहिला घटक म्हणजे काजळीचे सूक्ष्म कण आणि दुसरा म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. इंजिनातील तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन ही ऑक्साइडे तयार होतात. ती श्वसनमार्गास अपायकारक असून ओझोन व दुय्यम सूक्ष्म कणांच्या निर्मितीसही कारणीभूत ठरतात. विशेष म्हणजे मोटारीच्या धुरातील ही ऑक्साइडे काजळीप्रमाणे डोळ्यांना दिसत नाहीत.

या दोन घटकांवर नियंत्रण ठेवण्यासाठी प्रामुख्याने तीन साधने वापरली जातात. ईजीआर वॉल्व्ह धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवितो. त्यामुळे ऑक्साइडे घटतात, परंतु काजळी वाढते. ही काजळी डीपीएफ नावाच्या जाळीदार फिल्टरमध्ये अडविली जाते. उरलेली ऑक्साइडे नष्ट करण्यासाठी काही मोटारींत ती शोषून घेणारा उत्प्रेरक, तर काहींत युरियाचे द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणा बसविलेली असते. या सर्वांवर लक्ष ठेवणारे संवेदक म्हणजेच सेन्सर बिघाडाची माहिती संगणकास कळवितात व दिवा लागतो.

मर्यादा किती कठोर झाल्या हे आकड्यांवरून स्पष्ट होते. बीएस-४ प्रमाणकानुसार डिझेल मोटारीस प्रतिकिलोमीटर ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. सूक्ष्म कणांची मर्यादा ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅम झाली. साहजिकच यंत्रणा अधिक नाजूक व अधिक खर्चिक झाली.

दोष कसे उद्भवतात?

डीपीएफमध्ये साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि मोटार काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. स्थानकापर्यंतच्या दहा मिनिटांच्या प्रवासात इंजिन पुरते तापतही नाही. जाळण्याची प्रक्रिया सुरू होते व मोटार बंद केल्यामुळे अर्धवट राहते. असे वारंवार घडल्यास फिल्टर तुंबतो. तापमान वाढविण्यासाठी फवारलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ होण्याचाही संभव असतो.

तथापि दिवा लागण्याचे हे एकमेव कारण नव्हे. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक मोजणारा सेन्सर बिघडल्यास फिल्टर मोकळा असूनही तुंबल्याची सूचना मिळते. ईजीआर वॉल्व्ह काजळीने अडकल्यास किंवा इंजेक्टर सदोष असल्यास काजळी प्रमाणाबाहेर तयार होते आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे फिल्टर तुंबणे हा परिणाम असतो. कारण अन्यत्र असू शकते. कारणाचा शोध न घेता ग्राहकाच्या वापरपद्धतीवर दोष ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अपुरे होय.

वॉरंटी आणि पीयूसी यांतील पोकळी :

वॉरंटीत सामान्यतः साहित्यातील वा निर्मितीतील दोष समाविष्ट असतात. झीज, भेसळयुक्त इंधन आणि अयोग्य वापर वगळलेले असतात. सर्व वाद या 'अयोग्य वापर' शब्दांभोवती फिरतो. शहरात चालविण्यासाठी विकलेली मोटार शहरात चालविणे हा अयोग्य वापर कसा ठरतो, हा प्रश्न ग्राहकाने विचारावयास हवा. पुस्तिकेत फिल्टर स्वच्छ करण्यासाठी मोटार विशिष्ट प्रकारे चालविण्याची सूचना दिली असेल आणि ग्राहकाने ती पाळली नसेल, तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते, हेही मान्य केले पाहिजे.

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत 'उत्सर्जन हमी' असे स्वतंत्र प्रकरण आढळते. मात्र ही हमी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५(२) खालील तपासणीशी, म्हणजे व्यवहारात पीयूसीशी जोडलेली असते. डिझेल मोटारीच्या पीयूसीत केवळ धुराची घनता मोजली जाते; नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर अथवा एससीआर निकामी असलेली मोटारही उत्तीर्ण होऊ शकते आणि जी मोटार अनुत्तीर्ण होत नाही तिला उत्सर्जन हमीचा लाभ मागता येत नाही. प्रस्तावनेत नमूद केलेल्या विसंगतीचे मूळ येथे आहे.

फोक्सवॅगन प्रकरणाचा धडा :

कायदा जे मोजतो आणि मोटार जे सोडते यांतील अंतर जगासमोर आले ते फोक्सवॅगन प्रकरणामुळे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल मोटारींच्या धुराचे मोजमाप प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर केले. या चमूत अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा या भारतीय वंशाच्या संशोधकांचा समावेश होता. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीस नोटीस बजावली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारी संगणकप्रणाली मोटारींत असल्याचे उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींचा यात संबंध होता.

भारतात या प्रकरणाचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे असून येथील मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातच आहे. एआरएआयच्या चाचण्यांत रस्त्यावरील उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडी या तिन्ही नाममुद्रांच्या मिळून सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी संगणकप्रणालीत सुधारणा करण्यासाठी परत बोलाविण्याचे कंपनीने जाहीर केले. बीएस-४ नियमांत रस्त्यावरील चाचणीची तरतूदच नव्हती, त्यामुळे नियमभंग झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती.

एका शिक्षिकेसह काही नागरिकांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. न्यायाधिकरणाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या मोटारींमुळे २०१६ या एका वर्षात दिल्लीतील आरोग्याची हानी १७१.३४ कोटी रुपये इतकी अंदाजिली. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. अंतिम फलित काहीही असो, एक तत्त्व यातून पुढे आले. मोटारीच्या व्यवहारात खरेदीदार व विक्रेता असे दोनच पक्ष नसतात. त्या मोटारीच्या मागे श्वास घेणारा नागरिक हा तिसरा पक्ष होय. वॉरंटीच्या कागदात त्याला स्थान नाही.

उपलब्ध कायदेशीर मार्ग :

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०अ नुसार पर्यावरणास अथवा रस्त्यावरील व्यक्तींस हानी पोहोचविणारा दोष आढळल्यास केंद्र शासन निर्मात्यास मोटारी परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठी ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य स्रोत आधार होऊ शकतो. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी याबाबतचे नियम लागू आहेत. याचा अर्थ असा की, काउंटरवर वाद घालून परत येणाऱ्या ग्राहकाची तक्रार या गणतीत धरलीच जात नाही. तसेच १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन चाचणी बंधनकारक झाली आहे.

वैयक्तिक दादेसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उपयुक्त ठरतो. तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. कलम ३८ अन्वये वस्तूतील दोष प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची तरतूद आहे. मात्र अपेक्षा वास्तव असावी. मारुती उद्योगविषयक २००६ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचे दायित्व सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढेच असल्याचे स्पष्ट केले आहे.

ग्राहकाने घ्यावयाची दक्षता :

१) जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत नोंदवून घ्यावी, तारीख व किलोमीटर लिहिले आहेत याची खात्री करावी.
२) स्कॅनरवर आलेल्या दोषसंकेताची छापील प्रत, संकेत पुसण्यापूर्वी, मागावी.
३) वॉरंटी नाकारल्यास ती कोणत्या कलमान्वये नाकारली, हे लेखी मागावे.
४) पीयूसी, सर्व्हिसिंग व इंधनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.
५) स्थानिक गॅरेजमध्ये फिल्टर काढून टाकण्याचा वा ईजीआर बंद करण्याचा सल्ला मिळाल्यास तो नाकारावा. त्यामुळे वॉरंटी संपुष्टात येऊ शकते, कलम ५२ चा भंग होतो आणि कायमस्वरूपी प्रदूषण सुरू होते.
६) केवळ स्थानकापर्यंतच्या प्रवासासाठी मोटार घ्यावयाची असल्यास डिझेलचा पर्याय टाळावा.

प्रस्तुत लेखकाने यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या मुद्द्यांनुसार लेखी पत्र दिले. फेरतपासणीत दाब मोजणारा सेन्सर सदोष आढळला व तो वॉरंटीत बदलून देण्यात आला. फिल्टर बदलावा लागला नाही. तोंडी मिळालेले उत्तर स्वीकारले असते तर फिल्टरचा खर्च झाला असता आणि सेन्सरचा दोष तसाच राहिला असता.

निष्कर्ष :

उत्सर्जन यंत्रणेतील दोष हा इतर दोषांहून वेगळा आहे. ब्रेक बिघडल्यास मालकास तत्काळ जाणवते; नायट्रोजन ऑक्साइडे वाढल्यास मोटार पूर्ववत धावते व हानी इतरांची होते. म्हणून पीयूसीच्या उत्तीर्णतेस निर्दोषत्वाचा पुरावा मानता येणार नाही. पीयूसी तपासणीत मोटारीच्या संगणकातील दोषसंकेतांचे वाचन अंतर्भूत करणे आणि उत्सर्जन हमी त्या संकेतांशी जोडणे, या दोन सुधारणा आवश्यक वाटतात. त्या होईपर्यंत ग्राहकाची लेखी तक्रार हाच या अदृश्य दोषाचा दृश्य पुरावा होय. महाविद्यालयांतील ग्राहक मंच व विज्ञान विभाग यांनी हा विषय एकत्रितपणे हाती घेतल्यास विद्यार्थी व पालक यांना त्याचा निश्चित लाभ होईल.