मयूररक्षण

शिखी, बर्ही, केकी अशी नावे संस्कृत कोशांनी ज्यास दिली, त्या मोरास १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला. १९७२ च्या कायद्याने त्याची शिकारही निषिद्ध ठरली. बीड जिल्ह्याच्या पाटोदे तालुक्यात नायगाव येथे १९९४ मध्ये सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे मयूर अभयारण्य झाले, हे आम्हांस भूषणावह वाटते. परंतु लांडोर अंडी घालते ती झुडपाआड, उघड्या भूमीवर. झुडूप तुटले की पिलांचा आसरा गेला. मोर पिकांची नासधूस करतो, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हे; तथापि पेरणीत उघडे राहिलेले औषध चोळलेले बियाणे टिपून मोर दगावतात. तरी त्या बाजूस ज्यांची शेती असेल, त्या वाचकांनी बी मातीआड करवावे व बांधावरची झुडपे राखावीत, एवढीच आमची विनंती आहे.