लहान इंजिनाची हमी : व्याप्ती आणि मर्यादा

फवारणीचे यंत्र, पॉवर वीडर, गवत कापण्याचे यंत्र किंवा विहिरीवरील पंप यांना जोडलेले लहान इंजिन विकत घेताना ग्राहकाच्या हाती एक हमीपत्र पडते. ‘वर्षाची गॅरंटी आहे’ असे विक्रेता सांगतो, आणि त्या वर्षात इंजिन बंद पडल्यास ते विनामूल्य दुरुस्त होईल असा अर्थ ग्राहक त्यातून काढतो. वस्तुतः हमीपत्रात उत्पादकाने बिघाडाच्या एका विशिष्ट कारणापुरतीच जबाबदारी पत्करलेली असते. बहुतेक तंटे या फरकातून उद्भवतात.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील ‘गॅरंटी’ (कलम १२६) म्हणजे तिऱ्हाइताने कर्तव्य चुकविल्यास ते आपण पार पाडू, असा जामीनकीचा करार होय. इंजिनाच्या विक्रीत असा तिऱ्हाईत नसतो. येथे प्रस्तुत आहे तो १९३० चा मालविक्री कायदा. त्याच्या १२ व्या कलमाने ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ यांत भेद केला आहे. शर्त कराराच्या मुख्य हेतूला आवश्यक असते, म्हणून तिचा भंग झाल्यास खरेदीदारास करार मोडता येतो. वॉरंटी आनुषंगिक असते, आणि तिच्या भंगाबद्दल केवळ नुकसानभरपाई मागता येते. शिवाय, माल एकदा स्वीकारल्यावर, अविभाज्य करारात, शर्तीचा भंगदेखील सामान्यतः वॉरंटीचा भंग म्हणूनच गणला जातो (कलम १३). हंगामभर वापरलेले इंजिन परत करून पूर्ण किंमत मागणाराची बाजू येथेच लंगडी पडते.

हमीपत्रातील मुख्य वचन बहुधा असे असते : साहित्यात अथवा घडणीत दोष आढळल्यास तो भाग उत्पादक दुरुस्त करील किंवा बदलून देईल. तेव्हा खरा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि तो पुरावा इंजिनाच्या पोटात असतो. एअर फिल्टर फाटला असेल किंवा नीट बसविला नसेल, तर धूळ आत शिरून सिलिंडर घासला जातो. ही झीज पिस्टनच्या रिंगा जेथपर्यंत चढतात त्या वरच्या भागात सर्वांत अधिक असते, रिंगा पातळ होतात आणि त्यांच्या टोकांमधील फट वाढते. चार-स्ट्रोक इंजिनात ऑइल कमी पडले तर कनेक्टिंग रॉडचे ॲल्युमिनियम क्रँकच्या पिनेवर माखते. पीन तापून निळसर-काळी पडते व शेवटी रॉड तुटतो. दोन-स्ट्रोक फवारणी यंत्रात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावयाचे राहिले, तर पिस्टनवर उभे ओरखडे उमटतात, आणि ते बहुधा धूर बाहेर जाण्याच्या बाजूस अधिक खोल असतात. हे तिन्ही बिघाड हमीबाहेरचे. याउलट ओतकामातील पोकळी, चुकीच्या मापाचा छेद किंवा सदोष उष्णोपचार हे घडणीचे दोष होत. ओतकामातील पोकळी तुटलेल्या पृष्ठभागावर अनेकदा नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मात्र रॉड न जळता, थकव्याने भेग वाढत जाऊन तुटला असेल, तर घाईने निष्कर्ष काढू नये. गव्हर्नरशी छेडछाड करून इंजिन मर्यादेबाहेरच्या गतीने पळविले असतानाही तसेच घडू शकते.

स्पार्क प्लग, फिल्टर, दोरी यांसारखे झिजणारे भाग सामान्यतः वगळलेले असतात.

बाहेरच्या मिस्त्रीने इंजिन उघडले की हमी संपली, या कलमाचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारगाड्यांच्या सुट्या भागांसंबंधीच्या प्रकरणात असा आदेश दिला की, स्वतंत्र दुरुस्तीकाराकडे गेल्याच्या कारणावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल. तो आदेश मोटार-उत्पादकांपुरता होता, लहान इंजिनांना तो थेट लागू नाही. तरीही त्यामागील तर्क ग्राह्य वाटतो, कारण हमी कारणाशी बांधलेली असेल तर ती नाकारण्यासही कारणच दाखविले पाहिजे.

सर्वांत मोठी हानी बहुधा इंजिनाबाहेर होते. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडून भाजीपाला वाळला, तर बदलून मिळालेला पिस्टन त्याची भरपाई करीत नाही. अशी परिणामजन्य हानी हमीपत्रे सहसा स्पष्टपणे नाकारतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घातले असून, व्यक्त हमीशी न जुळणाऱ्या उत्पादनाबद्दल निष्काळजीपणा सिद्ध न होताही उत्पादक जबाबदार धरला जातो (कलम ८४). परंतु त्याच कायद्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाची हानी, हमीच्या शर्ती मोडल्यामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा वगळलेला आहे. एका कलमाने दिलेले दुसऱ्याने बरेचसे परत घेतले, असेच म्हणावे लागते.

भाड्याने यंत्र चालविणाऱ्यास हमीपत्रात पुष्कळदा कमी मुदत मिळते. ग्राहक म्हणून दाद मागण्याचा त्याचा हक्क मात्र त्यावरून ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी प्रयोजना’त मोडत नाही, असे स्पष्टीकरण १९९३ मध्ये कायद्यात आले आणि २०१९ च्या कायद्यातही ते कायम आहे. ही वस्तुस्थिती प्रत्येक प्रकरणी तपासावयाची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सांगितले.

इंधनाचे कलम आता नव्याने महत्त्वाचे झाले आहे. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल अशी मर्यादा छापलेली असते. भारतात मात्र २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरते. या बिघाडास शिळे इंधन कारण की इथेनॉल, हे ठरविणे सोपे नाही. ज्याला पंपावर दुसरे इंधनच मिळत नाही, त्याच्यावर हे कलम लावणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न उरतोच.

तंटा ग्राहक आयोगापुढे गेल्यास, परीक्षणावाचून दोष ठरत नसेल तर आयोग नमुना मोहरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो व ४५ दिवसांत अहवाल मागवितो (कलम ३८). म्हणून तुटलेला भाग, इंजिनातील जुने ऑइल आणि फिल्टर जसेच्या तसे जपून ठेवणे, तसेच ऑइल बदलल्याच्या पावत्या हमीपत्राबरोबर राखणे आवश्यक ठरते. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून २ वर्षांची आहे.