ठोसा पायांतून निघतो

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने मुष्टियुद्ध शिकावे का, या प्रश्नाला आमच्या घरात एकमुखाने ‘नाही’ असे उत्तर मिळाले. पण प्रश्न विचारण्याआधीच मी चार ठोसे खाऊन बसलो होतो. तेव्हा त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. सुट्टीला आम्ही सारे आंजर्ल्याला, आमच्या मूळ घरी गेलो होतो. कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला निघालो आणि अर्ध्या पायऱ्यांतच मला धाप लागली. वर्गात तासन् तास उभे राहून बोलणे हाच व्यायाम, ही माझी वीस वर्षांची समजूत त्या पायऱ्यांवर संपली. सोळा वर्षांचा पुतण्या वरच्या पायरीवरून म्हणाला, “काका, तुम्ही माझ्याबरोबर बॉक्सिंग खेळा. घरातल्या घरात. खरं कुणी मारत नाही.”

हे ‘घरातल्या घरात’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. डोळ्यांवर पाणबुड्याच्या चष्म्यासारखे एक यंत्र बांधायचे आणि दोन्ही हातांत एकेक छोटा दांडा धरायचा. क्षणात आपली ओटी नाहीशी होते, भोवती दोरखंडांचे रिंगण उभे राहते आणि समोरून एक धिप्पाड गडी चालत येतो. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. आपण आभासी वास्तव म्हणू. पुतण्याचा आवडता खेळ ‘द थ्रिल ऑफ द फाइट’ हा २०१६ साली निघाला. त्यात नुसते हात हलवून भागत नाही. ठोसा किती वेगाने आणि कुठे बसला, यावर त्याचे मोल ठरते.

आम्ही खळ्यात खेळायला निघालो, तर पुतण्याने अडवले. यंत्राच्या भिंगावर ऊन पडले तर ते एकवटून आतला पडदाच जाळते म्हणे. मग ओटीवरचा झोपाळा कड्यांतून काढला आणि जागा मोकळी केली. तिथेच पहिली कुरबुर झाली, कारण तो झोपाळा अण्णांचा.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. वय ब्याऐंशी. नोकरी मुंबईत केली आणि निवृत्तीनंतर वाडी सांभाळली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले आणि नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. नवी रोपे लावू या, असे आम्ही सुचवले. “पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ती कुणी बघायची?” एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून वाडीत उतरणे थांबले, बोलणेही थांबले. फोन केला की “बरं आहे” आणि “ठेवतो” हे दोनच शब्द. झोपाळा काढल्यावर ते कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

पहिले तीन दिवस मी नुसता हवेत हात झाडत होतो. समोरचा गडी हसल्यासारखा वाटे. चिडून मी आणखी जोराने मारी आणि रात्री उजवे कोपर ठणके. कारण साधे आहे. खऱ्या ठोशाला पिशवी अडवते, नाहीतर प्रतिस्पर्ध्याचे अंग अडवते. इथे समोर हवा. हात पूर्ण ताणला की सारा झटका कोपराच्या सांध्यावर येतो.

चौथ्या दिवशी खुर्चीतून आवाज आला, “अरे, हा ठोसा आहे की माशी हाकलतोयस?”

मी यंत्र डोळ्यांवरून वर केले. अण्णा माझ्या पायांकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी मला कळले, की अण्णांनी साठ-पासष्ट साली गिरगावातल्या एका तालमीत दोन-तीन वर्षे मुष्टियुद्धाचे धडे घेतले होते. मुंबईला या खेळाची जुनी परंपरा आहे. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ साली स्थापन झाली, ती देशातली पहिली. पहिली राष्ट्रीय स्पर्धाही १९५० साली मुंबईतच, ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. अण्णांच्या तालमीत त्या स्पर्धेच्या गोष्टी निघत. हे सारे आमच्या घरात आजवर कुणी विचारलेच नव्हते.

“पहारीवर नारळ सोलताना जोर मनगटात असतो का?” त्यांनी विचारले. “अंगाचा भार टाकतोस तेव्हा सोडण निघतं. ठोसा तसाच. तो पायांतून निघतो.”

मग शिकवणी सुरू झाली. डावा पाय पुढे, उजवा मागे थोडा तिरका, दोहोंत खांद्याएवढे अंतर. गुडघे सैल, मागची टाच किंचित उचललेली. उजव्या हाताचा ठोसा मारताना आधी मागच्या चवड्याने जमीन रेटायची, टाच बाहेर वळवायची. मग कंबर वळते, तिच्यामागे खांदा, आणि हात सर्वांत शेवटी पोहोचतो. डाव्या हाताचा ‘जॅब’ सरळ आणि चपळ. त्या वेळी उजवा हात गालाशी राखणीला. ठोशाबरोबर श्वास सोडायचा. दांडे आवळून धरायचे नाहीत, नाहीतर हात लवकर भरून येतात. मनगट सरळ ठेवायचे. प्रतिस्पर्धी लांब असेल तर वाकायचे नाही, पाऊल पुढे टाकायचे. कारण तोल गेला तर धरायला तिथे कुणी नसते.

आणि कोपरासाठी एकच मंत्र: “हात जितक्या वेगाने गेला, त्याहून वेगाने परत आण. टोकाला पोहोचायच्या चार बोटं आधीच परत फिर. समोर अडवणारा नसेल, तर आपणच अडवायला शिकावं.”

दोन दिवस त्यांनी मला यंत्र लावूच दिले नाही. ओटीवर, अगदी सावकाश, एकेक ठोसा पन्नास वेळा. मग पुन्हा खेळलो. ठोसे निम्मे मारले आणि समोरचा गडी दुसऱ्याच फेरीत लोळला. पुतण्या थक्क झाला. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती हा १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांचा हिशेब. त्या तीन मिनिटांत वाया गेलेला प्रत्येक ठोसा किती महाग पडतो, हे तेव्हा कळले.

पुतण्याकडून आणखी एक गोष्ट समजली. या यंत्राला आपले डोके आणि दोन हात एवढेच नेमके कळतात. पावले कुठे आहेत, टाच वळली की नाही, याचा या खेळाला पत्ताच नसतो. अण्णांचे नेमके उलटे होते. मी कुणाशी लढतो आहे, तो कसा दिसतो, हे त्यांना काहीच दिसत नव्हते. त्यांना दिसत होते ते फक्त माझे पाय, आणि तेवढ्यावरून ते सांगत, “आता तुला लागणार.” लगेच लागेही.

निघायच्या आदल्या दिवशी पुतण्याने यंत्र त्यांच्यापुढे धरले. “आजोबा, एकदा लावून तर बघा.”

“नको. पडलो तर तुम्हालाच निस्तरावं लागेल,” अण्णा म्हणाले. “आणि तो माणूस बघून मी काय करू? मला याचे पाय बघू दे.”

आता मी पुण्यात, पलंग भिंतीला सरकवून आठवड्यातून तीनदा खेळतो. रविवारी मात्र आधी आंजर्ल्याला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन पुस्तकाला टेकवून जमिनीवर ठेवतो, माझी पावले दिसतील असा. मग फर्शीच्या पातळीवरून अण्णांचा आवाज येतो, “टाच! टाच कुठे आहे?” तासभर तरी फोन ठेवत नाहीत.

गेल्या रविवारी मीच विचारले, “अण्णा, आज आवाज एवढा लांबून का येतोय?”

“वाडीत आहे,” ते म्हणाले. “तू थांबू नकोस. डावा पाय पुढे घे.”