रोटरी इंजिनाच्या जुन्या स्पोर्ट्स कारची निगा आणि तीतील फेरफार : माझदा आरएक्स-७ च्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

रोटरी इंजिनाची जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्या व्यक्तीपुढे दोन प्रश्न उभे राहतात : गाडी टिकवावी कशी आणि तिच्यात फेरफार करावेत कोणते? व्यवहारात दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घातला जातो आणि त्यातच अनेक इंजिने निकामी होतात. माझदा कंपनीच्या आरएक्स-७ या गाडीच्या तिसऱ्या पिढीच्या आधारे रोटरी इंजिनाची रचना, त्यातून उद्भवणाऱ्या निगेच्या गरजा आणि फेरफारांचा योग्य क्रम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : रोटरी इंजिन, अपेक्स सील, शीतकरण, टर्बोचार्जर, यांत्रिक वारसा.

१. प्रस्तावना

वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी फिरता रोटर वापरणारे इंजिन हा विसाव्या शतकातील यंत्रविद्येचा एक धाडसी प्रयोग होय. जर्मन संशोधक फेलिक्स वान्केल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेवर आधारित पहिले इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये चालू झाले. त्याच कंपनीची आरओ-८० ही गाडी १९६७ मध्ये बाजारात आली. तिची वाखाणणी झाली. परंतु रोटरच्या टोकांवरील सील लवकर झिजत असल्याने ग्राहकांचा विश्वास डळमळला.

जपानमधील हिरोशिमा येथील तोयो कोग्यो, म्हणजेच आजची माझदा, या कंपनीने १९६१ मध्ये या तंत्राचा परवाना मिळविला. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली सत्तेचाळीस अभियंत्यांच्या पथकाने सीलच्या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर सीलमुळे उमटणाऱ्या आडव्या ओरखड्यांना तेथे ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ असे म्हटले जाई. या प्रश्नावर मार्ग काढून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस आली. १९७८ मध्ये आरएक्स-७ ची पहिली पिढी अवतरली. १९९१ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरच्या ७८७बी या गाडीने विजय मिळविला आणि त्याच वर्षी आरएक्स-७ ची तिसरी पिढी जपानमध्ये दाखल झाली. ‘एफडी’ या संकेतनामाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. आज वापरात असलेली प्रत्येक एफडी त्यामुळे किमान दोन दशकांपूर्वीची आहे, ही बाब पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया होय.

२. इंजिनाची रचना आणि तिची मर्मस्थाने

एफडीमधील १३बी-आरईडब्ल्यू या इंजिनात दोन रोटर असून प्रत्येक कक्षाची क्षमता ६५४ घन सेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८ घन सेंटिमीटर इतकी आहे. इंजिनाला दोन टर्बोचार्जर जोडलेले असून त्याची शक्ती आरंभी २५५ व १९९९ पासून काही प्रकारांत २८० अश्वशक्ती अशी घोषित करण्यात आली होती. एवढ्या लहान आकारमानातून एवढी शक्ती मिळणे हेच या यंत्राचे आकर्षण आणि हाच त्याचा धोकाही आहे.

फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसणारा रोटर लंबवर्तुळासारख्या, मधोमध किंचित आवळलेल्या हाउसिंगमध्ये फिरतो. रोटरची एक फेरी पूर्ण होते तेव्हा दंडाच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. दंड मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना रोटर प्रत्यक्षात दोन हजार फेरेच घेतो. रोटरच्या तीन बाजूंवर चोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन या क्रिया एकामागून एक अखंड चालू राहतात. इंजिन झडपांविना चालते आणि सुरळीत फिरते.

या रचनेची तीन मर्मस्थाने ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिले मर्मस्थान म्हणजे रोटरच्या तीन टोकांवर बसविलेली अपेक्स सील. या इंजिनात त्यांची जाडी अवघी दोन मिलिमीटर असते आणि एका कक्षातील दाब दुसऱ्या कक्षात जाऊ न देण्याची जबाबदारी मुख्यतः त्यांच्यावर असते. दुसरे मर्मस्थान म्हणजे उष्णतेची असमान वाटणी. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये गार मिश्रण आणि ज्वाला आळीपाळीने येतात. रोटरी इंजिनात मात्र ज्वलन नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूस होते आणि दुसरी बाजू त्या मानाने थंड राहते. तिसरे मर्मस्थान म्हणजे अॅल्युमिनियमची हाउसिंग आणि लोखंडी पाट्या यांची आलटून पालटून केलेली रचना. लांब बोल्टांनी आवळलेल्या या थरांमधून कूलंट वाहते व ते रोखण्यासाठी रबरी सील असतात. दोन धातू कमी-अधिक प्रसरण पावतात. इंजिन एकदा जरी प्रमाणाबाहेर तापले तरी या सीलची पकड सुटू शकते.

३. खरेदीच्या वेळची परीक्षा

बाहेरून देखणी दिसणारी एफडी आतून थकलेली असू शकते. अशा वेळी संपीडनाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशनची, चाचणी निर्णायक ठरते. पिस्टनच्या इंजिनासाठी वापरला जाणारा साधा मापक येथे दिशाभूल करतो. रोटरला तीन बाजू असतात आणि साधा मापक त्यांतील सर्वाधिक दाबच दाखवितो. एक सील तुटलेले असले तरी उरलेल्या चांगल्या बाजूचा आकडा मालकाला निश्चिंत करतो. म्हणून तिन्ही बाजूंचे दाब स्वतंत्रपणे नोंदविणारा, खास रोटरी इंजिनासाठी तयार केलेला मापक वापरावा लागतो. त्याचे आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या प्रमाणात आणून तपासले जातात. एकूण दाबाइतकेच तीन बाजूंमधील तफावतीलाही महत्त्व असते.

तापलेले इंजिन पुन्हा चालू होण्यास कुरकुर करत असेल तर संपीडन घटल्याचा संशय घ्यावा. सुरुवातीस गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, कूलंटची पातळी विनाकारण उतरणे किंवा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसणे ही कूलंटचे सील निकामी झाल्याची लक्षणे होत. इंजिनाचे ओव्हरहॉल झाल्याचे तोंडी सांगणे पुरेसे मानू नये. कोणते भाग बदलले, याची कागदपत्रे पाहावीत.

४. दैनंदिन निगा

या इंजिनाविषयीचे बरेचसे अपयश पिस्टनच्या इंजिनाचे नियम त्याला लावल्यामुळे घडते. उदाहरणार्थ, रोटरी इंजिन ऑइल ‘पिते’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. वस्तुतः अपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप मोजून-मापून ऑइल ज्वलनकक्षात सोडत असतो आणि ते तेथे जळून जाते. ऑइल कमी होणे हा येथे बिघाड नसून रचनेचाच भाग आहे. पातळी नियमितपणे, शक्यतो दर वेळी पेट्रोल भरताना, पाहणे एवढेच मालकाच्या हाती असते. काही मालक पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. हा उपाय पूरक म्हणून योग्य आहे. मात्र मूळ पंप काढून टाकला असेल तर एकदाही मिश्रण विसरून चालत नाही.

दुसरा नियम थंड इंजिनाविषयी आहे. गाडी अंगणातून रस्त्यावर काढण्यापुरती चालू करून लगेच बंद केली तर जादा पेट्रोल कक्षात साचते, सीलवरील ऑइलचा थर धुऊन निघतो, संपीडन घटते आणि पुढच्या वेळी इंजिन चालूच होत नाही. म्हणून एकदा चालू केलेले इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्याखेरीज बंद करू नये. थंड असताना त्यास ताण देऊ नये. मात्र पुरेसे तापल्यावर अधूनमधून ते वरच्या वेगाने फिरवावे. सदैव मंद गतीने चालविल्यास कक्षात काजळी साचते.

तिसरा नियम वयाचा आहे. धातूपेक्षा रबर आणि प्लास्टिक आधी म्हातारे होतात. दोन टर्बोचार्जर क्रमाने कार्यान्वित करणाऱ्या बारीक निर्वात-नळ्यांचे या गाडीत अक्षरशः जाळे आहे. वर्षानुवर्षे उष्णता सोसून त्या कडक होतात व तडकतात. मग दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही. येथे टर्बोच बदलणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावण्यासारखे आहे. जुन्या इंधननळ्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण तेथील गळती तापलेल्या इंजिनाशेजारी होते आणि गाडीस आग लागू शकते. नव्याने घेतलेल्या गाडीत इंधननळ्या, निर्वात-नळ्या, कूलंटचे होज आणि स्पार्क प्लग बदलणे हे पहिले कर्तव्य ठरते.

५. फेरफारांचा क्रम

फेरफारांची सुरुवात बहुधा सायलेन्सरपासून होते. मोकळी एक्झॉस्ट नळी बसविली की आवाज आणि जोर दोन्ही वाढतात. मालक खूश होतो. परंतु आत वेगळीच साखळी सुरू झालेली असते. एक्झॉस्टचा अडसर दूर झाल्यामुळे टर्बो अधिक दाबाने हवा ढकलतो. या गाडीचा संगणक आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. दाब, तापमान आणि फेरे यांवरून तो तिचा अंदाज बांधतो. तो अंदाज मूळ रचनेसाठी आखलेला असतो. हवा वाढली आणि त्या प्रमाणात इंधन वाढले नाही, तर मिश्रण विरळ होते व ज्वलनकक्षात अनियंत्रित स्फोट, म्हणजेच डेटोनेशन, घडते. पिस्टनच्या इंजिनात असे काही धक्के पचू शकतात. दोन मिलिमीटरच्या अपेक्स सीलला मात्र काही क्षणही पुरतात. तुटलेला तुकडा हाउसिंग खरवडतो आणि बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांनाही इजा करू शकतो.

म्हणून फेरफारांचा क्रम उलटा असावा. प्रथम ज्ञान, मग संरक्षण आणि शेवटी शक्ती. मूळ तापमानदर्शकाचा काटा बराच काळ मध्यावर स्थिर राहतो आणि धोका दाखवितो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे खरे तापमान व टर्बोचा दाब दाखविणारे स्वतंत्र दर्शक ही पहिली सुधारणा होय. दुसरी पायरी शीतकरणाची. मूळ प्लास्टिकची कूलंट-टाकी तडकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. तिच्याऐवजी अॅल्युमिनियमची टाकी, सक्षम रेडिएटर आणि पुढे अधिक क्षमतेचा इंटरकूलर बसविणे हितावह ठरते. तिसऱ्या पायरीवर इंधनपंप आणि नव्याने जुळविता येणारा संगणक यावा. त्यानंतरच एक्झॉस्ट वा मोठ्या टर्बोचा विचार करावा.

दोन टर्बोंऐवजी एकच मोठा टर्बो बसविल्यास नळ्यांचे जंजाळ कमी होते व वरच्या वेगात शक्ती वाढते. मात्र कमी वेगातील तत्परता हरपते. एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत असे करणे संघीय कायद्याने निषिद्ध आहे आणि जपानमधील नियतकालिक वाहनतपासणीतही अशी गाडी अडते.

६. निष्कर्ष

(१) रोटरी इंजिन मुळातच बेभरवशाचे आहे, हा समज अर्धसत्य आहे. वंगण, तापमान आणि मिश्रण या तीन बाबतींत ते क्षमाशील नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

(२) प्रत्येक फेरफार इंजिनावरील भार पुढील कमकुवत दुव्याकडे सरकवितो. तो दुवा ओळखल्याशिवाय केलेली सुधारणा ही प्रत्यक्षात बिघाडाची पूर्वतयारी असते.

(३) काही मालक रोटरी इंजिन काढून त्या जागी पिस्टनचे मोठे इंजिन बसवितात. गाडी त्यामुळे धावते खरी. परंतु जिच्यामुळे ती वेगळी होती, ती गोष्टच नाहीशी होते. उत्पादन थांबलेल्या यंत्राची संख्या केवळ घटतच जाते, हे लक्षात घेता काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आणि परत जोडता येईल असेच फेरफार करणे इष्ट होय.

माझदाच्या आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये संपले. पुढे २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीच्या एका प्रकारात एक रोटरचे इंजिन परतले, तेही चाके फिरविण्यासाठी नव्हे, तर केवळ वीज निर्माण करण्यासाठी. रोटरच्या बळावर चाके फिरविणारी स्पोर्ट्स कार अनुभवायची असेल तर जुन्या गाड्यांकडेच वळावे लागते. अशी गाडी विकत घेणारा केवळ एका वाहनाचा मालक होत नाही. एका अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाचे काही काळापुरते विश्वस्तपद त्याच्याकडे येते. त्याने पहिला खर्च वेगावर करावा की रेडिएटरवर, या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या प्रयोगाचे आयुष्य अवलंबून असते.