यकृताच्या कर्करोगावरील किरणोत्सारी काचगोलक : निर्मितीमागील शास्त्र

प्रस्तावना :
निरोगी यकृतपेशी किरणोत्साराला अतिशय संवेदनशील असतात. अर्बुद नष्ट करण्यास लागणारी मात्रा बाहेरून संपूर्ण यकृताला दिल्यास यकृतच निकामी होते. या अडचणीतून मार्ग दाखविला तो यकृताच्या रक्तपुरवठ्याने. निरोगी यकृताला बहुतांश रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, तर अर्बुदाचे पोषण मुख्यतः यकृत धमनीतून होते. साहजिकच या धमनीत सोडलेले किरणोत्सारी कण प्रामुख्याने अर्बुदाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मिसुरी राज्यात डेल्बर्ट डे व गॅरी एरहार्ट यांनी याकरिता काचेचे सूक्ष्मगोलक विकसित केले.

घटकद्रव्ये :
ही काच यट्रियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांपासून बनते. नैसर्गिक यट्रियमचे ८९ हे एकच समस्थानिक असून न्यूट्रॉन शोषल्यावर ते यट्रियम-९० होते. ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांत निर्माण होणारी किरणोत्सारिता अल्पायुषी असते. नेहमीच्या काचेतील सोडियम मात्र येथे वर्ज्य ठरते. कारण त्यापासून भेदक गॅमा किरण देणारे सोडियम-२४ तयार होते.

निर्मितिप्रक्रिया :
शुद्ध मिश्रण अतिउच्च तापमानाला वितळवून मिळालेल्या काचेचे चूर्ण करतात. हे चूर्ण ज्वालेतून सोडले असता कण वितळतात व पृष्ठताणामुळे गोल होतात. त्यांतून २० ते ३० मायक्रोमीटर व्यासाचे गोलक चाळून घेतात. येथपर्यंत द्रव्य किरणोत्सारी नसते. अखेरीस अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ते सक्रिय होते. हा क्रम हेच या पद्धतीचे मर्म होय. त्यामुळे हाताळणी सुरक्षित राहते, आणि यट्रियम काचेच्या रचनेतच बद्ध असल्याने रक्तात विरघळत नाही. ते सुटे झाल्यास हाडांत साचून अस्थिमज्जेला इजा करू शकते.

उपयोजन व समारोप :
यट्रियम-९० चा अर्धायुकाल सुमारे ६४ तास असून त्याचे बीटा किरण ऊतीत सरासरी २.५ मिलिमीटरच शिरतात. सुमारे ९४ टक्के मात्रा ११ दिवसांत दिली जाते. उपचारापूर्वी टेक्नेशियमयुक्त प्रथिनकण सोडून फुप्फुसाकडे किती गोलक निसटतील, हे तपासणे आवश्यक असते. अमेरिकेत या गोलकांना १९९९ मध्ये मर्यादित व २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे स्वदेशी गोलक विकसित केले आहेत. भट्टीतून निघताच किरणोत्सारितेचा क्षय सुरू होत असल्याने, भट्टी आणि रुग्णशय्या यांतील अंतर कमी होणे हे रुग्णाच्या दृष्टीने मोलाचे आहे.