उसाचा चिकटा आणि आपला उतारा

सभासद बंधू-भगिनींनो,

गटात फिरताना एका सभासदाने विचारले, "साहेब, ऊस दोन दिवस उशिरा गेला तर पाण्याचे वजन घटते, हे कळते. पण साखर कुठे जाते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शिळ्या मोळीच्या तोंडाशीच सापडते.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडला की कापलेल्या तोंडाला आंबूस वास येतो, बोटाला बुळबुळ लागते. ही बुळबुळ म्हणजे ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूंची वस्ती. हा जिवाणू आपल्या मातीत, पाचटात, कोयत्याच्या पात्यावर असतोच. साल धड असते तोवर त्याला आत वाट नसते. कोयता बसला किंवा जळिताने साल तडकली, की वाट मोकळी.

आत शिरून तो नुसती साखर खात नाही. त्याच्या अंगाबाहेर काम करणारे एक विकर साखरेचे दोन भाग करते : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फ्रुक्टोज तो खातो. ग्लुकोजचे मणी मात्र एकाला एक ओवून लांब साखळी तयार होते. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. हीच त्याची चिकट घोंगडी. तिच्या जोरावर जिवाणू एकमेकांना व लोखंडाला धरून बसतात. वरून पाणी मारले, औषध मारले, तरी आतल्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. उसाची साखर मिळाली नाही, तर हाच जिवाणू ही घोंगडी विणत नाही. म्हणजे लोकर आपणच पुरवतो!

युरोपातील बीट साखर कारखान्यांतही हा चिकटा बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखा साचे. १८७८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हान टिगेम यांनी या जिवाणूला ल्युकोनोस्टॉक हे नाव दिले.

हा चिकटा रसात उतरला की रस घट्ट होतो, गाळणी तुंबते, साखरेचा दाणा लांबट होतो आणि जास्त साखर मळीत जाते. शिवाय प्रयोगशाळेतील यंत्राला डेक्स्ट्रान साखरेच्या सुमारे तिप्पट दिसतो. कागदावर साखर दिसते, पोत्यात भरत नाही.

आपली एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, आणि कुणाच्या गाडीचा रस वेगळा गाळला जात नाही. एकाचा शिळा ऊस सर्वांच्या उताऱ्यात मिसळतो. म्हणून विनंती :

१. तोडणीनंतर २४ तासांत ऊस गव्हाणीत पडेल असेच बघा. वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका.

२. मोळीबरोबर माती व पाचट येऊ देऊ नका. थांबावे लागलेच, तर मोळ्या सावलीत ठेवा किंवा पाचटाने झाका.

३. ऊस जळाल्यास त्याच दिवशी गट कार्यालयात कळवा.

४. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे होतात, म्हणजे उघडी तोंडे जास्त. तो आधी पाठवा.

कारखान्याच्या आवारात गाड्या ताटकळतात ही तुमची तक्रार खरी आहे. घोंगडी तिथेही विणली जाते. तेवढी वेळ कमी करणे आमच्याकडे लागले. बांधापासून काट्यापर्यंतची वेळ तुमच्या हाती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी